इतिहास, कादंबरी आणि उत्तर-आधुनिक दृष्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी, सेट-नेटची तयारी करणारे, वाचनगटांतले वाचक आणि इतिहासाची आवड असलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. भर मुख्यतः १९६९ नंतरच्या ब्रिटिश कादंबरीवर आहे. काही उत्तरांत कथानकाचा शेवट उघड होतो. ज्यांना पुस्तकं आधी वाचायची आहेत त्यांनी प्रश्न ६, १०, ११ आणि १६ नंतरसाठी ठेवावेत.

१. 'उत्तर-आधुनिक' हा शब्द सगळीकडे दिसतो. इतिहासाच्या संदर्भात त्याचा नेमका अर्थ काय?

दोन पुस्तकं लक्षात ठेवली तर वाट सापडते. पहिलं १९७३ मधलं, अमेरिकी इतिहासकार हेडन व्हाइट यांचं 'मेटाहिस्टरी'. एकोणिसाव्या शतकातले थोर इतिहासकार त्यांनी कादंबरीकार वाचावेत तसे वाचले. फ्रेंच राज्यक्रांती एकच, पण मिशलेने तिची विजयगाथा केली आणि तोकव्हिलने शोकांतिका. पुरावे कितीही काटेकोर असले तरी त्यांतून 'गोष्ट' घडवताना इतिहासकार कुठला तरी साचा निवडतो, असं व्हाइट यांचं म्हणणं. दुसरं पुस्तक १९७९ मधलं, फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतार यांचं 'द पोस्टमॉडर्न कंडिशन'. प्रगती, मुक्ती, सगळी मानवजात एका दिशेने चालली आहे, अशा महाकथनांवरचा विश्वास उडणं ही त्यांच्या मते या काळाची खूण.

कादंबरीकारांनी यातून घेतलेला मुद्दा साधा आहे. घटना घडून जाते आणि मागे कागद, वस्तू, आठवणी उरतात. त्या कोणी जपल्या, कोणी फेकल्या आणि कोणाकडे लिहिण्याची सोयच नव्हती, हे विचारल्याशिवाय भूतकाळाबद्दल बोलता येत नाही.

२. ऐतिहासिक कादंबरी तर खूप जुनी आहे. आपल्याकडेही 'स्वामी' आहे, 'पानिपत' आहे. मग यात नवं काय?

वॉल्टर स्कॉटची 'वेव्हर्ली' १८१४ ची. ती परंपरा एका ठाम गृहीतावर उभी आहे: लेखक अभ्यास करतो, साधनं चाळतो आणि मग आपल्याला थेट त्या काळात नेऊन बसवतो. रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) किंवा विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) वाचताना आपण शनिवारवाड्यात असतो, रणांगणावर असतो. लेखकाने कोणती पत्रं वाचली, कुठे दोन साधनांत मेळ बसला नाही, कुठे त्याला कल्पना लढवावी लागली, हे आपल्याला दिसत नाही. दिसलं तर रसभंग होईल, म्हणून तो ते झाकतो. त्या प्रकारच्या कादंबरीची ताकद मोठी आहे आणि मी ती कमी लेखत नाही.

इथे चर्चेत असलेल्या कादंबऱ्या नेमका तो झाकलेला भाग कथानकात आणतात. संशोधक, शिक्षक, चरित्रकार, आठवणी लिहिणारा म्हातारा माणूस, अशी पात्रं भूतकाळ शोधताना दिसतात आणि शोध कुठे अडतो हेही दिसतं. ए. एस. बायट या ब्रिटिश लेखिकेच्या 'पझेशन'मध्ये (प्रश्न १६) तर लंडन लायब्ररीत, एका जुन्या पुस्तकात विसरलेल्या पत्राच्या कच्च्या खर्ड्यांपासूनच गोष्ट सुरू होते.

३. 'हिस्टरिओग्राफिक मेटाफिक्शन' ही संज्ञा परीक्षेत हमखास येते. सोप्या भाषेत सांगाल का?

ही संज्ञा कॅनडातल्या समीक्षक लिंडा हचन यांची. त्यांचं 'अ पोएटिक्स ऑफ पोस्टमॉडर्निझम' १९८८ चं आहे. कादंबरीत दोन गोष्टी एकत्र हव्यात. एक, आपण रचलेली गोष्ट आहोत हे ती उघड मान्य करते. दोन, तरीही ती खऱ्या ऐतिहासिक घटना आणि माणसांवर हक्क सांगते. फक्त पहिली गोष्ट असेल तर तो निव्वळ रूपाचा प्रयोग झाला. फक्त दुसरी असेल तर ती नेहमीची ऐतिहासिक कादंबरी (प्रश्न २ पाहा).

उत्तरपत्रिकेत बहुतेकांकडून सुटणारा मुद्दा असा: घटना आणि तथ्य यांत हचन फरक करतात. घटना घडते. तिला अर्थ देऊन, नाव देऊन आपण तिचं तथ्य करतो. घटनाच घडली नाही असं त्या कुठेही म्हणत नाहीत. प्रश्न १३ समजायला हा फरक लागतो.

४. यातलं काही वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

ज्युलियन बार्न्सच्या 'फ्लोबेअर्स पॅरट' (१९८४) पासून. पुस्तक लहान आहे, भाषा स्वच्छ आहे आणि प्रश्न पहिल्या पानांपासून समोर आहे. जेफ्री ब्रेथवेट नावाचा निवृत्त डॉक्टर फ्रान्समध्ये रुआँला जातो. एक कथा लिहिताना फ्लोबेअर या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कादंबरीकाराने पेंढा भरलेला पोपट संग्रहालयातून उसना आणून टेबलावर ठेवला होता, तो पोपट त्याला बघायचा आहे. दोन ठिकाणी दोन पोपट निघतात आणि दोन्ही 'खरे' म्हणून मांडलेले. याच पुस्तकात फ्लोबेअरच्या आयुष्याचे तीन कालपट आहेत. पहिला यशाचा, मानसन्मानाचा. दुसरा मृत्यू, आजार आणि अपयशाचा. तिसऱ्यात त्याचे स्वतःचे उद्गार. तारखांच्या निवडीने एकाच माणसाची आयुष्यं किती वेगळी होतात, हे सिद्धान्ताची शंभर पानं वाचून कळणार नाही इतकं स्पष्ट तिथे कळतं.

त्यानंतर इशिगुरोची 'द रिमेन्स ऑफ द डे' घ्या, मग सलमान रश्दींची 'मिडनाइट्स चिल्ड्रन'. फाउल्स आणि स्विफ्ट (प्रश्न ६ आणि ७) त्यानंतर घेतले तर जड जात नाहीत.

५. ही लाट ब्रिटनमध्ये १९७० ते ९० याच काळात का आली?

एका कारणावर बोट ठेवता येणार नाही. साम्राज्य गेलं होतं आणि 'आपण कोण' याचं शाळेत शिकवलेलं उत्तर पुरेनासं झालं होतं. दुसऱ्या बाजूने इतिहासलेखनच बदलत होतं. ई. पी. थॉम्पसन यांचं इंग्लिश कामगारवर्गावरचं मोठं पुस्तक १९६३ चं. राजे आणि मंत्र्यांऐवजी विणकर, मजूर, चळवळे केंद्रस्थानी आले. स्त्रीवादी इतिहासकारांनी दप्तरखान्यात बायका का सापडत नाहीत हे विचारायला सुरुवात केली.

राजकारणही होतंच. १९८२ मध्ये फॉकलंडचं युद्ध झालं आणि जुन्या वैभवाची भाषा परत आली. १९८३ मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर 'व्हिक्टोरियन मूल्यां'चा, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या मूल्यांचा, अभिमानाने उल्लेख करत होत्या. जुने वाडे, जुन्या गिरण्या पर्यटनस्थळं बनत होत्या. कोणता व्हिक्टोरियन काळ आठवायचा आणि कोणाचा, हा त्या वेळी रोजच्या वर्तमानपत्रातला प्रश्न होता.

६. 'द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन'मध्ये लेखक मध्येच येऊन का बोलतो? आणि शेवट तीन का?

जॉन फाउल्सची ही कादंबरी १९६९ ची, पण गोष्ट १८६७ ची. लाइम रीजिस हे किनाऱ्यावरचं गाव, जीवाश्म गोळा करणारा सभ्य गृहस्थ चार्ल्स, त्याची वाग्दत्त वधू अर्नेस्टिना आणि जिच्याबद्दल गाव कुजबुजतं ती सारा. बारा प्रकरणं आपण एकोणिसाव्या शतकातली कादंबरी वाचतोय अशीच वाटतात. बारावं संपताना प्रश्न येतो: ही सारा कोण? तेरावं प्रकरण उघडतं आणि निवेदक सांगतो की मला माहीत नाही, ही सगळी माझी कल्पना आहे आणि ही पात्रं माझ्या मनाबाहेर कधी अस्तित्वात नव्हती.

हा नुसता चमत्कार म्हणून केलेला नाही. व्हिक्टोरियन कादंबरीतला निवेदक सर्वज्ञ असे, कारण जग समजून घेता येतं आणि त्याच्या मागे एक योजना आहे, असा त्या समाजाचा विश्वास होता. १९६९ मधला लेखक त्या निवेदकाचा आवाज घेऊ शकतो, विश्वास घेऊ शकत नाही. म्हणून प्रकरणांच्या माथ्यावर टेनिसन आणि हार्डीबरोबर डार्विन, मार्क्स आणि त्या काळच्या सामाजिक अहवालांतले उतारे येतात. त्या काळच्या कादंबऱ्या ज्या गोष्टी बोलत नव्हत्या, त्या हे उतारे बोलतात.

तीन शेवटांपैकी पहिला चव्वेचाळिसाव्या प्रकरणात येतो. चार्ल्स अर्नेस्टिनाशी लग्न करतो आणि गोष्ट नीटनेटकी मिटते. पुढच्याच प्रकरणात तो खोटा ठरवला जातो. नंतर दाढीवाला निवेदक स्वतः रेल्वेच्या डब्यात चार्ल्ससमोर येऊन बसतो आणि उरलेल्या दोन शेवटांपैकी कोणता नंतर ठेवायचा यासाठी नाणं उडवतो, कारण जो शेवटी येतो तोच वाचकाला खरा वाटतो हे त्याला ठाऊक आहे. इतिहासाच्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरणही आपल्यावर असाच ताबा मिळवत असतं.

१९८१ च्या चित्रपटात हे सगळं दाखवता येणार नव्हतं. हॅरॉल्ड पिंटर यांनी पटकथेत चित्रपटातला चित्रपट आणला. परीक्षेत चित्रपटाचा आधार घेणाऱ्यांनी हा फरक सांभाळावा.

७. 'वॉटरलँड'मध्ये ईल माशांवर अख्खं प्रकरण आहे. त्याचा इतिहासाशी काय संबंध?

ग्रॅहम स्विफ्टची ही कादंबरी १९८३ ची. टॉम क्रिक हा इतिहासाचा शिक्षक नोकरी जाण्याच्या बेतात आहे. शाळा इतिहास विभागाला कात्री लावते आहे आणि प्राइस नावाचा विद्यार्थी वर्गात उभा राहून म्हणतो की इतिहास आता संपण्याच्या टप्प्यावर आला आहे, बाकी त्याचं महत्त्व काय? अणुयुद्धाच्या भीतीत वाढलेली ती पिढी. क्रिक फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा बाजूला ठेवतो आणि पूर्व इंग्लंडच्या फेन्स या दलदलीच्या प्रदेशातली स्वतःची गोष्ट सांगू लागतो: १९४३, कालव्याच्या झडपेपाशी अडकलेलं एका मुलाचं प्रेत.

ईलकडे वळू. हा मासा अंडी कुठे घालतो हे माणसाला शतकानुशतकं कळलं नव्हतं. ॲरिस्टॉटलपासून अनेकांनी तर्क केले आणि ठामपणे चुकले. क्रिक ती शोधाची गोष्ट रंगवून सांगतो. माणसाला 'का' विचारल्यावाचून राहवत नाही आणि निसर्ग त्या प्रश्नाची फिकीर न करता चालू राहतो, हा त्याचा मुद्दा. फेन्सची जमीनही तशीच आहे. पाणी हटवून मिळवलेली, गाळ साचतो म्हणून सतत उपसावी लागणारी. क्रिकला इतिहास असाच वाटतो: पुढे झेप नाही, फक्त हातातलं जाऊ न देण्याची अखंड मेहनत. महाकथनाशिवाय (प्रश्न १) इतिहास शिकवायचा कसा, याचं इतकं माणुसकीचं उत्तर मला दुसऱ्या कुठल्या कादंबरीत मिळालेलं नाही. शिक्षक असलेल्या प्रत्येकाने ही कादंबरी वाचावी.

८. 'मिडनाइट्स चिल्ड्रन'मध्ये ढोबळ चुका आहेत. लेखकाचा अभ्यास कमी पडला का?

काही चुका मुद्दाम आहेत, काही आधी नकळत झाल्या आणि मग तशाच ठेवल्या. रश्दींनी पुढे एका निबंधात याबद्दल सविस्तर लिहिलं आहे.

निवेदक सलीम सिनाई १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री मुंबईत जन्मला. गांधीजींच्या हत्येची तारीख आपण चुकवली हे त्याच्या लक्षात येतं, पण तो ती दुरुस्त करत नाही. माझ्या भारतात गांधीजी चुकीच्याच वेळी मरत राहतील, अशा आशयाचं तो बोलतो. दुसरी चूक मराठी वाचकाला लगेच खटकते: वाल्मीकींनी रामायण सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, असं सलीम म्हणतो. व्यास आणि महाभारत आपल्याला शाळेच्या आधीपासून ठाऊक असतं.

अशा चुकांनी वाचक जागा राहतो. सलीम स्वतःला देशाच्या इतिहासाचा कर्ता समजतो, प्रत्येक मोठ्या घटनेचं श्रेय किंवा दोष ओढून घेतो. त्याच्यावर आंधळा विश्वास टाकला तर आपण त्याच्या अहंकारात सामील होतो. आठवण स्वतःचं सत्य घडवते, निवडते, फुगवते, हे त्याला कळतं आणि तरी तो सांगत राहतो. लोणच्याच्या कारखान्यात बसून तो प्रकरणांसारख्या बरण्या भरतो. तीस भरलेल्या आणि एक रिकामी.

९. त्याच पुस्तकात संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाची चेष्टा आहे. मराठी वाचकाने ती का सहन करावी?

प्रश्न रास्त आहे आणि दरवेळी तळमळीने येतो. प्रसंग असा: सलीम सायकलवरून उतारावर सुसाट येतो आणि थेट भाषिक मोर्चात घुसतो. मोर्चेकरी या श्रीमंत घरच्या पोराला गुजराती बोलून दाखवायला सांगतात. त्याला एकच टवाळ ओळ येते: 'सू छे? सारू छे! दांडा ले के मारू छे!' ती ओळ मोर्चाची घोषणा बनते, दंगल होते, आणि मुंबई राज्याचं विभाजन आपल्यामुळे झालं असा निष्कर्ष सलीम काढतो.

हा निष्कर्ष हास्यास्पद आहे हे वाचकाला कळावं अशीच रचना आहे. निशाणा सलीमच्या अहंमन्यतेवर आहे (प्रश्न ८). इतकं मान्य करूनही एक तक्रार उरते आणि ती मला खरी वाटते. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला त्यामागे शंभराहून अधिक हुतात्मे होते, गिरणगाव होतं, अमर शेखांचे पोवाडे होते, अण्णाभाऊंच्या लावण्या होत्या. कादंबरीत हे सगळं सलीमचं घर असलेल्या, उच्चभ्रू टेकडीवरच्या मेथवोल्ड इस्टेटमधून दिसतं, म्हणजे जवळजवळ दिसतच नाही. मुंबईच्या मूळ कोळ्यांचा आणि मुंबादेवीचा उल्लेख लेखक आस्थेने करतो, पण रस्त्यावरच्या माणसाला आवाज देत नाही.

यासाठी पुस्तक टाकून देण्याची गरज नाही. इतिहास कोण, कुठून सांगतो हे विचारायला शिकवणाऱ्या कादंबरीला तिचाच प्रश्न विचारावा. इंग्रजीत लिहिलेली मुंबई आणि मराठीत लिहिलेली मुंबई शेजारी ठेवून वाचणं ही आपल्याला मिळालेली संधी आहे. लंडनच्या समीक्षकाला ती नाही.

१०. 'अटोनमेंट'चा शेवट वाचून फसवल्यासारखं वाटलं. ही लेखकाची चलाखी नाही का?

इयन मॅक्युअनची ही कादंबरी २००१ ची. लहान वयात ब्रायनीने दिलेल्या खोट्या साक्षीमुळे रॉबी तुरुंगात गेला. तो आणि त्याची प्रेयसी, म्हणजे ब्रायनीची बहीण सेसिलिया, पुढे एकत्र आले, हे आपण वाचलेलं असतं. अखेरच्या भागात, १९९९ मध्ये, म्हातारी ब्रायनी सांगते की रॉबी १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, डंकर्कच्या माघारीत मेला आणि सेसिलिया त्याच वर्षी बॉम्बहल्ल्यात. त्यांचं मीलन तिने रचलेलं होतं.

राग येणं हीच योग्य प्रतिक्रिया आहे. फक्त एक बारकावा नजरेतून सुटू नये. ब्रायनी आपल्या हस्तलिखितासाठी इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये बसून कागद तपासते. एका जुन्या कर्नलने दाखवलेल्या सैनिकी तपशिलांच्या चुका ती काळजीने दुरुस्त करते. किरकोळ तपशील बिनचूक आणि दोन माणसांचा मृत्यू मात्र बदललेला. बारीकसारीक अचूकपणामुळे आपण संपूर्ण गोष्टीवर विश्वास ठेवतो, हे मॅक्युअनने आपल्याला आपल्याच अनुभवातून दाखवलं. पापाची कबुली देणारी व्यक्तीच इतिहासाची एकमेव लेखक असेल तर तिला माफ कोण करणार, हा तिचा स्वतःचाच प्रश्न आहे.

११. 'द रिमेन्स ऑफ द डे' तर साधी, सरळ कादंबरी आहे. तिला या यादीत का घालतात?

मी तिला काठावर ठेवीन. निवेदक मध्ये येऊन 'ही कादंबरी आहे' असं सांगत नाही, त्यामुळे हचन यांच्या अटीत (प्रश्न ३) ती पूर्ण बसत नाही. पण स्टीव्हन्स या बटलरची आठवण कशी चालते ते पाहा. त्याच घरातली मुख्य व्यवस्थापिका मिस केंटन दाराआड रडत होती तो प्रसंग तो आधी तिच्या मावशीच्या मृत्यूनंतरचा म्हणून सांगतो. पुढे त्याला वाटतं की ती वेगळीच संध्याकाळ असावी, तिने लग्नाला होकार दिला ती. चूक तारखेची आहे, पण तिच्यामागे अख्खं आयुष्य दडलेलं आहे.

गोष्ट जुलै १९५६ मध्ये घडते. त्याच महिन्यात इजिप्तचे नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि ब्रिटिश साम्राज्याचा अखेरचा आव उतरायला सुरुवात झाली. कादंबरीत सुएझचा शब्दही नाही. आपला मालक नाझींना सहानुभूती दाखवत होता हे ज्याला स्वतःशी कबूल करता येत नाही, त्याच्या निवेदनात ही गाळलेली जागा मोठ्याने बोलते.

१२. ज्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही, त्यांचा इतिहास ही कादंबरी सांगू शकते का?

इथे लेखकांत मतभेद आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या जे. एम. कुट्सींनी 'फो' (१९८६) मध्ये रॉबिन्सन क्रूसोच्या बेटावर सूझन बार्टन नावाची बाई आणली. ती परत येऊन लेखक फो याला (म्हणजे 'रॉबिन्सन क्रूसो'चा लेखक डॅनियल डिफो) आपली गोष्ट लिहायला सांगते आणि तो तिला हवी तशी वळवू पाहतो. क्रूसोचा गुलाम फ्रायडे याची तर जीभच कापलेली आहे. कोणी कापली हे कळत नाही. कुट्सी त्याच्या तोंडी शब्द घालत नाहीत. वर्णद्वेषी राजवटीत लिहिणाऱ्या गोऱ्या लेखकाने हा संयम पाळला याचं मला मोल वाटतं.

बर्नरडीन एव्हरिस्टो उलट वाटेने जातात. 'द एम्परर्स बेब' (२००१) ही पद्यात लिहिलेली कादंबरी. रोमन काळातल्या लंडनमध्ये, इसवी सन २११ च्या सुमारास, सुदानी आईबापांची मुलगी झुलेका धडाधड बोलते, आजच्या रस्त्यावरच्या भाषेत. ब्रिटनमध्ये कृष्णवर्णी माणसं विसाव्या शतकातच आली, ही समजूत त्याने हलते. रोमन ब्रिटनमध्ये आफ्रिकी माणसं होती याला पुरावा आहेच. त्यांतल्या एखाद्या मुलीचं मन मात्र कल्पनेनेच गाठावं लागतं.

१३. सगळा इतिहास कथन असेल तर ज्यूंचा संहार नाकारणाऱ्यांनाही 'ती आमची बाजू' असं म्हणता येईल. याचं काय उत्तर?

हा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे. लंडनच्या न्यायालयात त्याची प्रत्यक्ष परीक्षा झाली. आपल्याला संहार नाकारणारा म्हटलं म्हणून ब्रिटिश लेखक डेव्हिड अर्विंग यांनी इतिहासकार डेबोरा लिपस्टाट आणि त्यांचे प्रकाशक पेंग्विन यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. एप्रिल २००० मध्ये न्यायमूर्ती ग्रे यांनी अर्विंग यांच्या विरोधात निकाल दिला. त्यांनी पुरावे हेतुपुरस्सर मोडून-मुरडून मांडल्याचं सिद्ध झालं. बचाव पक्षाचे तज्ज्ञ साक्षीदार, इतिहासकार रिचर्ड एव्हान्स यांनी अर्विंग यांची पुस्तकं मूळ कागदांशी ताडून पाहिली होती. याच एव्हान्स यांनी १९९७ मध्ये 'इन डिफेन्स ऑफ हिस्टरी' लिहून उत्तर-आधुनिक सिद्धान्तावर कडक टीका केली होती, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. अर्थ अनेक असतात म्हणून पुरावा कसाही वाकवता येत नाही. घटना आणि तथ्य यांतला हचन यांचा फरक (प्रश्न ३) इथे उपयोगी पडतो. शिवाय वर चर्चिलेली पुस्तकं पाहा. सलीम, ब्रायनी, स्टीव्हन्स खोटं बोलतात किंवा चुकतात, हे आपल्याला कळतं कशामुळे? त्यांच्या गोष्टीबाहेर खरी तारीख, खरा मृत्यू, खरा सुएझ असतो म्हणून. सत्य नावाची गोष्टच नसती तर या कादंबऱ्यांची एकही खेळी चालली नसती. सिद्धान्त लिहिणाऱ्या काही लेखकांनी मात्र ही सीमा पुरेशी स्पष्ट केली नाही, आणि तो दोष त्यांच्या पदरात टाकायलाच हवा.

१४. आपल्या बखरींमध्येही कल्पना आणि इतिहास मिसळलेले असतात. मग बखरी उत्तर-आधुनिकच म्हणायच्या का?

नाही. बखरकार ठामपणे सांगतो. आपण रचतो आहोत अशी शंका तो वाचकाला येऊ देत नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि त्याच्या प्रस्तावनेत अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखरी घासून पाहिल्या. उत्तर-आधुनिक कादंबरी या टप्प्यानंतरच शक्य होते. अस्सल कागदाचं महत्त्व ज्याला कळलं आहे, तोच त्या कागदाच्या मर्यादांवर कादंबरी लिहू शकतो.

१५. खऱ्या माणसांबद्दल लिहिताना या लेखकांना कायदा आडवा येत नाही?

येतो. १९८४ मध्ये इंदिरा गांधींनी 'मिडनाइट्स चिल्ड्रन'वर लंडनमध्ये दावा केला. पुस्तकात आणीबाणीवर झोंबणारी टीका आहे, पण आक्षेप त्यांच्या कौटुंबिक आयुष्यावरच्या एका वाक्यापुरता होता. ते वाक्य पुढच्या आवृत्त्यांतून काढलं गेलं.

साधनांच्या वापराचा प्रश्न वेगळा. युद्धकाळात परिचारिका असलेल्या ल्युसिला अँड्र्यूज यांच्या आत्मकथनातले तपशील 'अटोनमेंट'मध्ये फार जवळून आले, अशी चर्चा २००६ मध्ये झाली. मॅक्युअनने पुस्तकातच त्यांचे आभार मानले होते आणि अनेक कादंबरीकार त्याच्या बाजूने उभे राहिले. माझ्या मते आभार मानणं ही किमान अट आहे.

१६. 'पझेशन'च्या शेवटी लेखिका स्वतःच खरं काय घडलं ते सांगून टाकते. मग ती उत्तर-आधुनिक कशी?

ए. एस. बायट यांच्या १९९० च्या या बुकर विजेत्या कादंबरीत दोन संशोधक, रोलंड आणि मॉड, दोन व्हिक्टोरियन कवींचं गुप्त प्रेम उलगडतात. कवी काल्पनिक, त्यांच्या कविता, पत्रं, रोजनिशी सगळं बायटनी लिहिलेलं. शेवटी संशोधकांना वाटतं की कवी ॲशला स्वतःच्या मुलीबद्दल कधीच कळलं नाही. त्यानंतर १८६८ सालचं छोटं टिपण येतं आणि वाचकाला कळतं की तो तिला भेटला होता. या भेटीचा कुठेही कागद नाही.

बायट इथे जुन्या निवेदकाचा सर्वज्ञ हक्क परत घेतात आणि त्यामुळे अनेक समीक्षक त्यांना परंपरेकडे झुकलेल्या मानतात. माझा कल वेगळा आहे. दप्तरात जे नाही तेही घडलेलं असू शकतं, हे सांगण्याचा कादंबरीला जो मार्ग आहे तो संशोधकाला नाही. बायटनी तो फक्त एकदा, अगदी शेवटी वापरला.

१७. हिलरी मँटेल यांची 'वुल्फ हॉल' यात येते का?

थेट नाही. मँटेल ज्ञात तथ्यांना धक्का लावू नये याबद्दल आग्रही होत्या. पण आठव्या हेन्री राजाच्या दरबारातल्या दोघांपैकी थॉमस मोर संत आणि थॉमस क्रॉमवेल खलनायक, हे रूढ चित्र त्यांनी उलटं केलं आणि सगळं वर्तमानकाळात, क्रॉमवेलच्या खांद्यामागून सांगितलं. २००९ मध्ये वाचकाला हे सहज पचलं, कारण आधीच्या चार दशकांतल्या प्रयोगांनी त्याची तयारी करून ठेवली होती. 'ही लाट संपली का' असं विचारणाऱ्यांना माझं हेच उत्तर: तिची तंत्रं आता मुख्य प्रवाहात मुरली आहेत.

१८. या कादंबऱ्या भूतकाळाची नुसती सजावट करतात, अशी टीका वाचली. ती बरोबर आहे का?

अमेरिकी मार्क्सवादी समीक्षक फ्रेडरिक जेमसन यांची ही टीका. त्यांच्या मते उत्तर-आधुनिक संस्कृतीत खरा इतिहास हाती लागत नाही, त्याच्या शैली आणि प्रतिमा तेवढ्या उरतात. व्हिक्टोरियन पोशाख, धुकं आणि घोडागाड्यांवर भागवणाऱ्या कित्येक कादंबऱ्यांना ती लागू पडते. बार्न्सच्या 'अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन १०½ चॅप्टर्स' (१९८९) मधलीही सगळी प्रकरणं सारख्या ताकदीची नाहीत. पण त्यातलं मेडुसा या फ्रेंच जहाजाचं प्रकरण वाचा. १८१६ मध्ये तराफ्यावर सोडून दिलेल्या दीडशेच्या आसपास माणसांपैकी पंधरा वाचली. आधी ती हकीकत येते. मग झेरिको या फ्रेंच चित्रकाराने त्या प्रसंगावरच्या चित्रात काय काढलं आणि काय काढलं नाही याची बारकाईने तपासणी. सजावट करणारा लेखक इतका वेळ चित्रासमोर उभा राहत नाही.

१९. भारतीय इंग्रजीतलं, पण मराठीशी नातं असलेलं उदाहरण हवं आहे.

किरण नगरकर. 'सात सक्कं त्रेचाळीस' मराठीत लिहिणाऱ्या या लेखकाची 'ककोल्ड' (१९९७) इंग्रजीत आहे आणि तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मीराबाई सगळ्यांना माहीत. तिचा नवरा, मेवाडचा युवराज, इतिहासात जेमतेम सापडतो. नगरकरांनी त्यालाच बोलतं केलं, तेही मुद्दाम आजच्या भाषेत. भक्तीच्या गोष्टीत जो अडथळा म्हणून उभा असतो तो इथे राज्यकारभार, युद्धनीती आणि मत्सर यांत पिचलेला माणूस म्हणून समोर येतो.

२०. निबंधासाठी दोन कादंबऱ्या जोडीने घ्यायच्या आहेत. कोणत्या?

व्हिक्टोरियन काळावर लिहायचं तर फाउल्स आणि बायट. पहिला निवेदकाचं सर्वज्ञपण मोडतो, दुसरी ते शेवटी परत मिळवते (प्रश्न ६ आणि १६). आठवणीवर लिहायचं तर सलीम आणि स्टीव्हन्स: एक अतोनात बोलतो, दुसरा टाळतो. वसाहतवादावर 'फो' आणि 'द एम्परर्स बेब'. 'वॉटरलँड' आणि 'फ्लोबेअर्स पॅरट' ही जोडी लोकप्रिय आहे. दोन्हींत निवेदक बायकोबद्दलचं दुःख मोठ्या इतिहासामागे लपवतो, त्यामुळे तुलना सोपी जाते. मात्र तिच्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की नवं काही मांडायचं असेल तर मूळ पानांवर जास्त वेळ द्यावा लागेल.